रक्तातील दाहाचा आकडा आणि लांबणीवर पडलेला स्कॅन

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. वडील ६३ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात सोनोग्राफीत त्यांच्या यकृताच्या उजव्या भागात साडेचार सेंटिमीटरची गाठ दिसली आणि त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचेही तेव्हाच कळले. सप्टेंबरअखेर मुंबईत शस्त्रक्रिया होऊन गाठ पूर्ण काढली गेली. महिन्याभराने झालेला स्कॅन स्वच्छ होता. पुढचा फेब्रुवारीत होता, पण आंब्याच्या कामामुळे तो आम्ही मेअखेरीस करायचे ठरवले आहे. दरम्यान पुण्यात शिकणाऱ्या माझ्या चुलत भावाने जुन्या रिपोर्टवरून ‘एनएलआर ४.२’ असा हिशेब काढला आणि तो ३ च्या वर असला की शस्त्रक्रियेनंतर रुग्ण फार जगत नाही, असे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले. तेव्हापासून आईचे जेवणात लक्ष नाही. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासावे का? दाह कमी करणाऱ्या गोळ्या सुरू कराव्यात का? काका म्हणतात, रोजची गोळी बंद करून गुळवेल आणि हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात. बाबा जूनमध्ये नवी कलमे लावायची म्हणत आहेत. त्यांना काय सांगावे? तीन रक्ततपासण्या आणि गाठीचा अहवाल सोबत पाठवत आहे. त्यातली पहिली तपासणी झाली, त्या आठवड्यात त्यांच्या पायात मोडलेला काटा पिकून ताप आला होता. – एक वाचक भगिनी

उत्तर : तुम्ही पाठवलेली सारी कागदपत्रे वाचल्यावर मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती फेब्रुवारीतला स्कॅन राहून गेल्याची. ४.२ या आकड्याबद्दल मी खाली सविस्तर लिहितो, कारण त्याने तुमच्या घरातले स्वास्थ्य हरवले आहे आणि अर्धवट समजलेल्या गोष्टीला नुसते ‘लक्ष देऊ नका’ असे उत्तर देणे योग्य नव्हे. परंतु हे उत्तर पुरते वाचून होण्याआधीच मुंबईच्या शस्त्रक्रिया विभागात फोन करून जवळात जवळची तारीख मागून घ्यावी.

एनएलआर म्हणजे रक्तातील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. सीबीसी या नेहमीच्या रक्ततपासणीच्या कागदावर या दोन्ही पेशींची टक्केवारी छापलेली असते आणि एकीला दुसरीने भागले की आकडा मिळतो. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी शिरलेल्या दिसतात, ही गोष्ट जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ मध्येच नोंदवली होती, आणि दाह व कर्करोग यांचा संबंध यकृताइतका स्पष्ट फार थोड्या अवयवांत दिसतो. विषाणूमुळे, दारूमुळे किंवा चरबीमुळे वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या यकृतातच ही गाठ बहुधा निर्माण होते. न्यूट्रोफिल पेशींतून बाहेर पडणारी काही द्रव्ये गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात, तर लिम्फोसाइटांतील काही पेशी गाठीच्या पेशींना मारण्याचे काम करतात. त्यामुळे पहिल्या वाढलेल्या आणि दुसऱ्या घटलेल्या असतील तर तोल गाठीच्या बाजूने झुकला असावा, हा तर्क सयुक्तिक आहे आणि तुमच्या भावाने वाचलेले सगळेच काही खोटे नाही.

यकृताच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. ज्यांचे गुणोत्तर शस्त्रक्रियेपूर्वी चढे होते, त्यांच्या गटात मृत्यूची आणि गाठ परत येण्याची जोखीम अधिक आढळली. काही संकलित अभ्यासांत ती दीडपट ते दुपटीच्या आसपास भरते. मात्र ‘दुप्पट’ हा शब्द कशाच्या दुप्पट हे सांगत नाही. निव्वळ समजण्यापुरते आकडे घेऊ : ठरावीक मुदतीत एका गटातले १०० पैकी २० रुग्ण दगावले आणि दुसऱ्या गटातले ३५, तर दुसऱ्या गटाची जोखीम पहिल्याच्या पावणेदोन पट झाली, तरी त्या ‘वाईट’ गटातले ६५ जण हयात आहेत आणि ‘चांगल्या’ गटातलेही २० जण गेले आहेत. तुमचे वडील त्या ६५ जणांत असतील की ३५ जणांत, हे गुणोत्तराला सांगता येत नाही. हवामान खात्याचा इशारा साऱ्या किनारपट्टीसाठी असतो, त्यावरून एका विशिष्ट होडीचे भविष्य कोणी वर्तवत नाही. शिवाय ३ ही रेषा काही निसर्गाने आखलेली नाही. कोणी २ ही मर्यादा धरली आहे, कोणी ५, आणि पुष्कळ वेळा ती त्याच अभ्यासातील रुग्णांची आकडेवारी पाहून नंतर ठरवलेली असते, त्यामुळे एका रुग्णालयातली रेषा दुसऱ्या ठिकाणच्या माणसावर जशीच्या तशी लावता येत नाही.

आता तुमचे तीन कागद पाहू. पहिल्यात न्यूट्रोफिल ७६ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के आहेत, म्हणजे गुणोत्तर ४.२; पण हीच ती काटा पिकून ताप आलेल्या आठवड्यातली तपासणी. जंतुसंसर्ग झाला की शरीर प्रथम न्यूट्रोफिल वाढवते, हे त्याचे नेहमीचेच वागणे आहे. दुसरा कागद शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाचा आहे आणि त्यात ६४ व २६ टक्के, म्हणजे सुमारे २.५ असे गुणोत्तर निघते. तिसरा शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवसाचा असून त्यात ८६ व ८ टक्के आहेत. तेथे हाच हिशेब केला तर उत्तर १०.७५ येईल. तुमच्या भावाने नेमका पहिलाच कागद का उचलला, ते मला ठाऊक नाही, परंतु एकाच माणसाचा हा आकडा एका महिन्याच्या आत २.५ आणि १०.७५ या दोन टोकांना जाऊन येत असेल तर त्यावरून आयुष्याचे माप काढणे किती धोक्याचे आहे, हे आपोआप दिसते. ४.२ ऐवजी २.५ हाती आले म्हणून निर्धास्त होण्याचेही कारण नाही. जो आकडा घाबरवायला अपुरा आहे तो धीर द्यायलाही अपुराच आहे.

यकृताच्या रुग्णात तर दाहाच्या या खुणा वाचणे आणखी अवघड होते, आणि हा भाग इंटरनेटवरच्या लेखांत सहसा वगळलेला असतो. सीआरपी हे दाहाचे प्रसिद्ध प्रथिन घ्या. ते मुख्यतः यकृतातच तयार होते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिखरावर जाते आणि कारण दूर झाले की झपाट्याने उतरते, कारण रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे १९ तासांत निम्मे होते. परंतु यकृत फार थकलेले असेल तर दाह असूनही सीआरपी हवे तितके चढत नाही. ग्लासगो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुणांकनात लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक सीआरपी आणि डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमहून कमी अल्ब्युमिन (रक्तातले आणखी एक प्रथिन) यांना गुण दिले जातात; पण अल्ब्युमिनही यकृतच बनवते, तेव्हा ते खाली आले ते दाहामुळे, उपासमारीमुळे की यकृताच्या अशक्तपणामुळे, हे गुणांकन वेगळे करून दाखवत नाही. प्लेटलेट आणि लिम्फोसाइट यांच्या गुणोत्तराची गंमत तर याहून मोठी आहे. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रण साचून ते कडक होते तेव्हा, यकृताकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढून प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात, त्यामुळे रक्तातला त्यांचा आकडा घसरतो आणि ते गुणोत्तर कागदावर ‘चांगले’ दिसू लागते, प्रत्यक्षात मात्र यकृताची अवस्था बिघडलेली असते. तुमच्या वडिलांच्या अहवालात उरलेल्या यकृतात सिरोसिसची सुरुवात असल्याचे लिहिले आहे आणि प्लेटलेटही थोड्या कमी आहेत. अशा माणसाच्या बाबतीत ही गुणोत्तरे काढत बसण्यात मला अर्थ दिसत नाही.

एखादी तपासणी करावी की नाही, हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो : उत्तर काहीही आले तरी आपण वेगळे काय करणार? शस्त्रक्रियेनंतर एनएलआर चढा आहे एवढ्यावरून सुरू करावे असे कोणतेही मान्य औषध आज नाही. गाठ परत येऊ नये म्हणून जोखमीच्या रुग्णांना औषध देण्याचे मोठे प्रयत्न झाले आहेत. सोराफेनिब या गोळीची १,११४ रुग्णांवरील चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात फायदा दिसला नाही. पुढे ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही इंजेक्शने एकत्र देऊन ६६८ रुग्णांवर चाचणी झाली; २०२३ मधले पहिले निकाल आशादायक होते, परंतु २०२४ मध्ये अधिक काळ लोटल्यावर पाहिले तेव्हा तो फायदा टिकलेला नव्हता. म्हणून पंधरा दिवसांनी रक्त काढण्याचा बेत सोडून द्यावा. त्यातून मिळेल ती दर पंधरवड्याची धास्ती, आणि भातखाचरात काम केल्यावर आलेल्या एखाद्या तापानेही आकडा उसळला की घरात पुन्हा तेच वातावरण होईल. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापाची साथ असते. ताप आला तर तो ताप म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा, त्यातून कर्करोगाचा अंदाज बांधू नये.

ज्या ओळीकडे तुम्ही सर्वांनी पाहायला हवे होते ती गाठीच्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर आहे. गाठ एकच होती आणि कापलेल्या भागाच्या कडा गाठीच्या पेशींपासून मोकळ्या आहेत, या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. परंतु सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये गाठीच्या पेशी आढळल्याचे तेथे स्पष्ट लिहिले आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन वर्षांत गाठ परत येण्याशी या निरीक्षणाचा संबंध दीर्घकाळ आणि वारंवार सिद्ध झाला आहे. पहिल्या दोन वर्षांत परतणारी गाठ बहुधा मूळ गाठीच्या विखुरलेल्या पेशींतून येते, त्यानंतरची पुष्कळदा रोगट यकृतात नव्याने उगवते. पाच वर्षांचा हिशेब धरला तर यकृताचा भाग काढलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत ती कधी ना कधी परत दिसते. हे वाचून घाबरू नये, कारण लहान असताना सापडलेल्या गाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया, सुई घालून उष्णतेने ती जाळणे, रक्तवाहिनीतून औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणे, आणि योग्य रुग्णात यकृत प्रत्यारोपण, असे खरे उपाय उपलब्ध आहेत. यांतले बहुतेक उपाय गाठ दोन सेंटिमीटरची असताना सोपे असतात आणि सहा सेंटिमीटरची झाली की हातचे जातात. फेब्रुवारीची तारीख मेअखेरीस नेण्यात नेमकी हीच संधी पणाला लागते. आंब्याच्या पेट्या वेळेवर बाजारात गेल्या नाहीत तर वर्षाचे गणित कोलमडते, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही दोन दिवस बाग शेजाऱ्यांवर सोपवून रात्रीच्या कोकणकन्येने जाऊन यावे, असेच मी सांगेन.

पहिली दोन वर्षे दर तीन ते चार महिन्यांनी आणि पुढे सहा महिन्यांनी स्कॅन व एएफपी ही यकृताच्या गाठीची खूण शोधणारी रक्ततपासणी, असा साधारण क्रम असतो. तुमच्या शल्यचिकित्सकांनी आखून दिलेला क्रमच अंतिम मानावा. प्रत्येक वेळी मुंबईला जाणे जमणार नसेल तर कणकवली, रत्नागिरी किंवा कोल्हापूर येथे स्कॅन करून त्याची सीडी पाठवता येईल का, हे त्यांनाच विचारावे. मात्र केवळ सोनोग्राफीवर भागवू नये. यकृतासाठीचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय रंगद्रव्य देऊन वेगवेगळ्या टप्प्यांत काढावा लागतो, कारण ही गाठ धमनीतून रक्त येण्याच्या टप्प्यात उजळते आणि नंतरच्या टप्प्यात फिकी पडते. एकाच टप्प्यात काढलेल्या चित्रात ती निसटू शकते. एएफपी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे आधीच्या आकड्याशी तुलना करता येते. या तपासणीत एका आकड्यापेक्षा चढता कल अधिक बोलका असतो.

गोळ्यांविषयी मला थोडे कठोर लिहावे लागेल. औषधाच्या दुकानात सूज उतरवण्यासाठी मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या सिरोसिसच्या रुग्णात मूत्रपिंडाला इजा करू शकतात आणि पोटात रक्तस्राव घडवू शकतात. गुडघे दुखले म्हणूनही त्या घेऊ नयेत. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या आत आणि डॉक्टरांना विचारून. गुळवेलीबद्दल काकांचा भाव चांगला आहे, परंतु २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि तो वाद सुरू राहिला. मात्र ज्याचे यकृत आधीच कापले गेले आहे, त्याने त्या वादाचा निकाल स्वतःच्या शरीरावर लावू नये. आमटीतली हळद खुशाल असू द्यावी. मिरीच्या अर्कासह मिळणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे आणि त्यांच्यामुळे यकृताला गंभीर सूज आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

आणि रोजची ती गोळी कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवर टेनोफोव्हिर लिहिले आहे. ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूला दाबून ठेवते, आणि तुमच्या वडिलांच्या यकृतातला खरा, मुळाशी असलेला दाह या विषाणूचाच आहे. शस्त्रक्रियेनंतर हे औषध नियमित घेणाऱ्यांत गाठ परत येण्याचे प्रमाण कमी राहते, आणि ते एकाएकी सोडल्यास विषाणू उसळून यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. तुम्हाला दाह कमी करणारी गोळी हवी होती. ती तुमच्या घरात आधीपासूनच आहे.

आहाराबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी शस्त्रक्रियेनंतर आपल्याकडे रुग्णाला महिनोन्‌महिने नुसत्या पेजेवर ठेवण्याची रीत आहे म्हणून लिहितो. त्यांना प्रथिने हवीत, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम इतकी. मासे, अंडी, डाळी, कुळथाचे पिठले हे सारे चालते, आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे सिरोसिसमध्ये उपयोगी पडते. तिसऱ्या आणि कालवे पुरती शिजवूनच द्यावीत, कारण समुद्रातल्या काही जंतूंचा संसर्ग यकृताच्या रुग्णाला जिवावर बेततो. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर खारवलेली सुकी मासळी आणि लोणची टाळावीत. दमट हवेत बुरशी धरलेले शेंगदाणे निवडून वापरण्यापेक्षा टाकून द्यावेत, त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाचे एक ज्ञात कारण आहे. दारू अर्थातच कायमची बंद.

बाबांना काय सांगावे? ४.२ हा आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची काहीच गरज नाही, कारण ती त्यांच्या आजाराविषयीची माहिती नव्हे. परंतु गाठ परत येऊ शकते, म्हणून ठरल्या वेळी स्कॅन करायचा आहे, आणि लवकर सापडली तर उपाय आहेत, एवढे त्यांना स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. हे न सांगितल्यामुळेच कदाचित त्यांना फेब्रुवारीची तारीख आंब्यापेक्षा हलकी वाटली असेल. कलमांना फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको आणि त्यांना तर नकोच नको. त्यांना लावायची असतील तर लावू द्यावीत. फक्त खड्डे खणण्याचे आणि जड उचलण्याचे काम गड्यांकडे द्यावे आणि फवारणीच्या औषधांपासून त्यांना दूर ठेवावे. आईला या उत्तरातला तीन कागदांचा हिशेब वाचून दाखवावा. चुलत भावावर रागावू नये. त्याला हिशेबाची आवड आहे, तर स्कॅन, एएफपी आणि गोळीच्या तारखांचा तक्ता करून तो सांभाळण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

आता तुमच्या पत्रात कुठेच नसलेली एक गोष्ट. हिपॅटायटिस बी बाळंतपणात आईकडून मुलाला, रक्तातून, एकाच वस्ताऱ्याने किंवा टूथब्रशने आणि शरीरसंबंधातून पसरतो. एका ताटात जेवल्याने किंवा एका भांड्यातले पाणी प्यायल्याने नाही, तेव्हा बाबांचे ताट-वाटी वेगळी केली असेल तर ती पुन्हा एकत्र करावी. मात्र आई, तुम्ही सर्व भावंडे, आणि बाबांचेही भाऊ-बहिणी, काकांसह, यांनी एचबीएसएजी ही तपासणी करून घेतलीच पाहिजे. ज्यांना लागण नाही आणि पूर्वी लस मिळालेली नाही, त्यांनी ० , १ आणि ६ महिन्यांनी लसीचे तीन डोस घ्यावेत. ज्यांना लागण आढळेल त्यांना लक्षण नसले तरी नियमित तपासणी आणि गरजेनुसार औषध लागेल. तुमच्या वडिलांची गाठ साडेचार सेंटिमीटरची होईपर्यंत कळली नाही ती याच तपासणीअभावी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि उपचार शासकीय केंद्रांत मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी आणि स्कॅनच्या तारखेबरोबरच या सर्वांच्या रक्ततपासणीचाही दिवस ठरवून टाकावा.